लेटरहेडवर तुमचं नाव छापण्याआधी

सांताक्रूझ पूर्वेला, वाकोल्यात किंवा प्रभात कॉलनीत, कुठल्याही घरातल्या खणात दोन-चार देणगीच्या पावत्या सापडतील. एखादी गणेशोत्सव मंडळाची, एखादी वाचनालयाची, एखादी शाळेला मदत करणाऱ्या संस्थेची. त्यातली एक काढून नीट पाहा. वर बारीक अक्षरांत दोन-दोन नोंदणी क्रमांक असतात. एकाच्या पुढे ‘महाराष्ट्र राज्य, मुंबई’ आणि ‘जी.बी.बी.एस.डी.’ अशी अक्षरं, दुसऱ्याची सुरुवात ‘एफ’ने. संस्थेचं लेटरहेड पाहिलंत, तर डाव्या समासात नावांची रांग असते: अध्यक्ष, कार्याध्यक्ष, चिटणीस, खजिनदार, सदस्य, सल्लागार.

संस्था एक, मग क्रमांक दोन कसे? आणि त्या समासातल्या दहा-बारा माणसांचं काम काय? उद्या संस्थेच्या खात्यातून पैसे गेले, तर जाब कुणाला विचारायचा? सही करणाऱ्या खजिनदाराला, की ज्यांनी चेकबुक कधी पाहिलंही नाही त्यांनाही?

हे प्रश्न कागदावरचे नाहीत. बँकेतून किंवा शाळेतून निवृत्त झालेल्या माणसाला सहा महिन्यांत फोन येतोच: “तुमचं नाव कमिटीत टाकतोय. काही करायचं नाही, वर्षातून दोन मीटिंग.” बोलावणारा प्रेमानं बोलावतो, आणि ऐकणाऱ्यालाही मान वाटतो. पण ‘काही करायचं नाही’ हे कायद्याला मान्य नाही. या लेखाचा सगळा भर त्या एका वाक्यावर आहे.

दोन क्रमांक कुठून आले

पहिला क्रमांक १८६० च्या संस्था नोंदणी कायद्याखालचा. काही माणसं एका उद्देशानं एकत्र येतात, घटना लिहितात, सभासद करतात, कार्यकारिणी निवडतात, आणि संस्था जन्माला येते. ‘जी.बी.बी.एस.डी.’ ही बृहन्मुंबई आणि मुंबई उपनगर जिल्ह्याची जुनी इंग्रजी आद्याक्षरं आहेत.

दुसरा क्रमांक धर्मादाय आयुक्तांकडच्या नोंदीचा. स्वातंत्र्यानंतर लगेच देवस्थानं, धर्मशाळा आणि धर्मादाय निधी यांच्या कारभाराची चौकशी करायला न्यायमूर्ती तेंडोलकर यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमली गेली. त्यातून १९५० चा मुंबई सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम आला. त्यालाच आज महाराष्ट्र सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था अधिनियम म्हणतात. या कायद्यानं देवळं आणि धर्मादाय ट्रस्ट यांच्याबरोबर १८६० च्या कायद्याखालच्या धर्मादाय संस्थाही ‘सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था’ धरल्या. म्हणून महाराष्ट्रातल्या संस्थेला दोनदा नोंदणी करावी लागते. क्रमांकातलं अक्षर प्रकार सांगतं: ‘ए’ हिंदू धार्मिक ट्रस्ट, ‘ई’ धर्मेतर धर्मादाय ट्रस्ट, ‘एफ’ म्हणजे संस्था नोंदणी कायद्याखालची संस्था. ज्या उत्सव मंडळाची अशी नोंदणी नसते, त्याला वर्गणी गोळा करण्यासाठी याच कायद्याच्या कलम ४१सी खाली परवानगी काढावी लागते.

इथे एक गल्लत नेहमी होते. आपल्या इमारतीची गृहनिर्माण सोसायटी यात येत नाही. ती सहकार कायद्याखालची. तिथे फ्लॅटधारक स्वतःच्याच मालमत्तेचा कारभार पाहतात. धर्मादाय संस्थेत मात्र कार्यकारिणीतल्या कुणाच्याही मालकीचं काहीही नसतं. सोसायटीच्या कमिटीत पंधरा वर्षं काढलेला अनुभवी माणूस ट्रस्टवर आला की चुकतो तो नेमका इथे.

मालक कुणीच नाही

मे महिन्यात गावी जाताना आपण घराची किल्ली शेजाऱ्यांकडे ठेवतो. शेजारी तुळशीला पाणी घालतो, पावसाळी खिडकी लावून घेतो, नळ गळत असेल तर प्लंबर बोलावतो. पण तो आपल्या पाहुण्यांना तिथे झोपवत नाही, टीव्ही विकत नाही, आणि घर दोन महिने भाड्यानं देऊन ‘पडूनच होतं’ असं म्हणत नाही. किल्ली हातात असणं आणि घर आपलं असणं यातला फरक त्याला कळतो. विश्वस्ताचं कायद्यातलं स्थान हेच आहे. देणगी दिल्याक्षणी पैसा देणगीदाराचा राहत नाही, आणि तो विश्वस्तांचाही होत नाही. तो उद्देशाचा होतो: ज्या मुलांसाठी, रुग्णांसाठी, वाचकांसाठी संस्था निघाली, त्यांचा. ते लोक बैठकीला येत नाहीत. त्यांच्या वतीनं बसलेल्यांना म्हणूनच कायदा बांधून ठेवतो.

किती काळजी घ्यायची? खासगी ट्रस्टसाठी असलेल्या १८८२ च्या कायद्यात याचं माप दिलं आहे: सामान्य समजूतदार माणूस स्वतःच्या मालमत्तेची जेवढी काळजी घेईल तेवढी. सार्वजनिक संस्थांसाठी १९५० च्या कायद्याचं कलम ३६ए तेच वेगळ्या शब्दांत सांगतं: पैसा आणि मालमत्ता संस्थेच्या उद्देशांसाठी, घटनेनुसार आणि शहाणपणानं वापरायची. कायदा तुम्ही चार्टर्ड अकाउंटंट असावं असं म्हणत नाही. पण स्वतःच्या पासबुकात पन्नास हजारांची न कळणारी नोंद दिसली की तुम्ही बँकेत जाता. संस्थेच्या पासबुकाबाबत तेवढं तरी केलंच पाहिजे.

उद्देश हा शब्द हलका घेऊ नये. सांताक्रूझ पश्चिमेला जुहू रस्त्यावर एस.एन.डी.टी. महिला विद्यापीठाचं आवार आहे. महर्षी धोंडो केशव कर्वे यांनी १९१६ मध्ये सुरू केलेल्या या विद्यापीठाला १९२० मध्ये सर विठ्ठलदास ठाकरसी यांनी १५ लाख रुपयांची देणगी कबूल केली, आणि आपल्या आईचं, श्रीमती नाथीबाई दामोदर ठाकरसी यांचं नाव विद्यापीठाला द्यावं अशी अट घातली. शंभर वर्षं उलटून गेली, ते नाव कायम आहे. देणगी अटीसह स्वीकारली की अटही स्वीकारली. पूरग्रस्तांसाठी जमलेल्या पैशातून सभागृहाला रंग लावता येत नाही, सभागृह कितीही जुनाट दिसत असलं आणि पैसे कितीही दिवस पडून असले तरी. कायम निधीला हात न लावता फक्त त्याचं व्याज खर्च करायचं, हाही असाच शब्द असतो. आपल्याकडच्या किती संस्थांनी अडचणीच्या वर्षी तो गुपचूप मोडला असेल, याची कल्पना करवत नाही. असे पैसे मग परत येत नाहीत.

बैठकीत बसून करायचं काय

सभासदांच्या मनात कामाची एक वाटणी असते: हिशेब खजिनदाराचे, पत्रव्यवहार चिटणीसांचा, भाषण अध्यक्षांचं, आणि बाकीचे चहाला. कारभार चालवायला ही वाटणी सोयीची आहे. जबाबदारी मात्र अशी वाटली जात नाही. धर्मादाय कार्यालयाच्या नोंदवहीत ज्यांची नावं विश्वस्त म्हणून चढतात, त्या सगळ्यांकडे कायदा एकाच नजरेनं बघतो, मग लेटरहेडवर पद कुठलंही असो. ‘सल्लागार’ म्हणून नाव छापलेला माणूस सहसा त्या नोंदीत नसतो. त्याची गोष्ट वेगळी.

सहविश्वस्ताच्या चुकीबद्दल आपल्याला कधी धरतात, हेही १८८२ च्या कायद्यात आहे. दुसऱ्यानं केलेल्या गैरव्यवहाराला प्रत्येक जण आपोआप जबाबदार नसतो. पण तीन वेळा असतो: पैसा दुसऱ्याच्या हाती दिला आणि पुढे त्याचं काय झालं ते पाहिलंच नाही तेव्हा, त्यानं तो आपल्याकडे ठेवला आणि आपण चौकशी केली नाही तेव्हा, आणि गैरव्यवहार कळूनही गप्प बसलो किंवा वेळेत हालचाल केली नाही तेव्हा. म्हणजे दोष मौनाचा आणि दुर्लक्षाचा आहे. ‘मला माहीतच नव्हतं’ हा बचाव वाटतो, पण इथे बहुतेक वेळा ती कबुली ठरते.

याची रोजच्या व्यवहारातली उदाहरणं साधी आहेत. दोन सह्यांचं खातं असतं आणि दुसरी सही करणारे काका पुण्याला मुलाकडे गेलेले असतात, म्हणून ते दहा कोरे चेक सह्या करून ठेवतात. दोन सह्यांची अट ज्यासाठी घातली, तो हेतूच तिथे संपतो. किंवा ताळेबंद वार्षिक सभेच्या दिवशी, चहा फिरत असताना हातात पडतो, सूचक-अनुमोदकांची नावं आधीच लिहिलेली असतात, आणि तीन मिनिटांत तो मंजूर होतो. ताळेबंद आठवडाभर आधी मागायला हवा, आणि मागताना संकोच वाटायचं कारण नाही. हा अविश्वास नव्हे.

ताळेबंदात काय बघायचं? सुरुवातीला चार जागा पुरतात. बँकेतली शिल्लक बँकेच्या उताऱ्याशी जुळते का. ‘येणे’ आणि ‘अग्रिम’ या नावाखाली कुणाकडे किती रक्कम किती वर्षं अडकली आहे. ठेवी कुठल्या बँकेत, कुणाच्या नावानं आहेत आणि त्यांच्या पावत्या प्रत्यक्ष कुणी पाहिल्यात का. ट्रस्टचा पैसा कुठे गुंतवायचा याचे नियम कलम ३५ मध्ये आहेत, आणि ओळखीच्या पतपेढीत जास्त व्याज मिळतं हे कारण तिथे चालत नाही. चौथी गोष्ट, लेखापरीक्षकाचा शेरा. हिशेबाचं वर्ष ३१ मार्चला संपतं. त्यानंतरच्या लेखापरीक्षणात, एखादा खर्च बेकायदा किंवा गैर झाला असेल, वसूल व्हायचे पैसे वसूल झाले नसतील, नुकसान विश्वस्तांच्या वागण्यामुळे झालं असेल, तर ते सांगणं कलम ३४ प्रमाणे लेखापरीक्षकाचं काम आहे. तो शेरा शेवटच्या पानांवर असतो. बहुतेक जण पहिलं पान पाहून थांबतात.

आणि इतिवृत्त. ठराव पटला नाही तर ‘माझा विरोध नोंदवा’ एवढं म्हणा आणि पुढच्या बैठकीत तो लिहिला गेला आहे ना, ते वाचून पाहा. बाहेर जिन्यात उभं राहून व्यक्त केलेली नापसंती दहा वर्षांनी कुणाच्या उपयोगाला येत नाही, तुमच्याही नाही.

विचारणं आणि लुडबुड यांत फरकही ठेवायला हवा. मुख्याध्यापकांनी कुठल्या वर्गाला कुठला शिक्षक द्यावा, हे विश्वस्तांनी ठरवू नये. शाळेची पटसंख्या तीन वर्षं का घसरतेय, हे मात्र विचारलंच पाहिजे.

१८९० चा वाद

संस्थेतल्या माणसाचं स्वतःचं हित आणि संस्थेचं हित यांत फट पडली, तर काय करायचं? हा प्रश्न मराठी सार्वजनिक जीवनाला फार जुना आहे, आणि त्यावरून भांडणाऱ्यांपैकी कुणीही लबाड नव्हतं.

डेक्कन एज्युकेशन सोसायटी १८८४ मध्ये पुण्यात स्थापन झाली. तिच्या आजीव सदस्यांनी थोड्या पगारावर वर्षानुवर्षं शिकवण्याचं बंधन स्वीकारलं होतं. टिळक, आगरकर आणि पुढे गोखले हे त्यांतले. हळूहळू प्रश्न उभा राहिला: सदस्यानं बाहेर काम करून मिळवलेला पैसा कुणाचा? आणि बाहेरच्या कामाला दिलेला वेळ? टिळकांचं म्हणणं होतं की सदस्याचा सगळा वेळ आणि श्रम संस्थेचे, त्यामुळे बाहेरची प्राप्तीही संस्थेच्या निधीत जावी. दुसरी बाजू म्हणत होती की शिकवण्याचं काम चोख झाल्यावर उरलेल्या वेळावर माणसाचा हक्क आहे. १८९० मध्ये गोखले सार्वजनिक सभेचे चिटणीस झाले आणि वाद टोकाला गेला. त्याच वर्षी टिळकांनी राजीनामा दिला, आणि त्यामागची कारणं सविस्तर लिहून संस्थेपुढे ठेवली.

कोण बरोबर होतं, यावर आजही दोन मतं होतील. माझं मत असं की नियम फार कडक मागताना टिळकांनी माणसांचा संसार हिशेबात कमी धरला. पण त्यांची पद्धत बरोबर होती. मतभेद कुजबुजीत न ठेवता त्यांनी तो लिहून संस्थेपुढे ठेवला, म्हणून सव्वाशेहून अधिक वर्षांनी आपण त्याकडे शांतपणे पाहू शकतो.

आजच्या संस्थेत हा प्रश्न इतक्या उंचीवर येत नाही. तो विश्वस्ताच्या मेहुण्याच्या कॅटरिंगच्या रूपात येतो, नाहीतर अध्यक्षांच्या भावाच्या बांधकाम कंपनीच्या. नातेवाइकाला काम देणं दर वेळी पाप नसतं. कधी तोच स्वस्त आणि चांगलं काम देतो. मात्र नातं आधी सांगायचं, तीन ठिकाणांहून दरपत्रकं मागवायची, आणि मतदानाच्या वेळी त्या विश्वस्तानं बाहेर बसायचं. हे सगळं इतिवृत्तात उमटलं पाहिजे. नातं लपवून दिलेलं स्वस्त कामही पुढे अंगाशी येतं.

जागा आणि बिल्डर

सांताक्रूझमध्ये संस्थेची खरी श्रीमंती बँकेत नसते, जमिनीत असते. साठ-सत्तर वर्षांपूर्वी कुणी दान दिलेला छोटा भूखंड, त्यावरची कौलारू शाळा किंवा दुमजली सभागृह. आज त्याच गल्लीत वीस मजली इमारती उभ्या आहेत. अशा वेळी विकासक येतो आणि नवीन हॉल, वर कायम निधीसाठी मोठी रक्कम असा प्रस्ताव ठेवतो. कार्यकारिणीतले सगळे हरखतात.

इथे कलम ३६ आडवं येतं, आणि ते आडवं यावं म्हणूनच लिहिलेलं आहे. धर्मादाय आयुक्तांच्या पूर्वपरवानगीशिवाय संस्थेची स्थावर मालमत्ता विकता, अदलाबदल करता किंवा बक्षीस देता येत नाही. शेतजमीन दहा वर्षांहून अधिक आणि बिगरशेती जमीन किंवा इमारत तीन वर्षांहून अधिक काळ भाडेपट्ट्यानं देता येत नाही. ‘पूर्व’ या शब्दाला इथे वजन आहे. आधी करार करून मग अर्ज टाकायचा, हा उलटा प्रवास झाला. अर्ज पाहताना व्यवहारात संस्थेचं हित, फायदा आणि संरक्षण आहे का, हे तपासलं जातं: गरज काय, किंमत कशी ठरवली, मूल्यांकन कुणी केलं, जाहिरात दिली का. धर्मादाय मालमत्ता शक्यतो जाहीर लिलावानं विकावी, असं सर्वोच्च न्यायालयानं १९८० च्या दशकातच सांगितलं आहे. कर्ज काढायचं असलं तरी कलम ३६ए खाली आधी परवानगी लागते.

यात महिने जातात, कधी वर्षं. विश्वस्त वैतागतात, आणि त्यांचा वैताग मला कळतो. तरीही ही अट सैल व्हावी असं मला वाटत नाही. उपनगरातली जमीन एकदा गेली की कुठल्याही संस्थेला ती परत घेता येणार नाही.

वरळीतली नोंदवही

मुंबईतल्या संस्थांचं धर्मादाय कार्यालय वरळीला डॉ. अॅनी बेझंट रोडवर आहे. तिथल्या नोंदवहीत तुमच्या संस्थेचं एक पान असतं: नाव, उद्देश, विश्वस्त, मालमत्ता. तिचा उतारा, ज्याला सगळे ‘पीटीआर’ किंवा ‘शेड्यूल वन’ म्हणतात, हे संस्थेचं ओळखपत्र. निवडणूक झाली, कुणी वारलं, जागा घेतली, पत्ता बदलला, तर ९० दिवसांत बदल अर्ज द्यावा लागतो. त्यालाच ‘चेंज रिपोर्ट’ म्हणतात.

मराठी संस्थांचं सगळ्यात जास्त घोडं अडतं ते इथेच. तीन निवडणुका होतात, अर्ज एकाचाही जात नाही किंवा त्रुटींत पडून राहतो. नोंदवहीत पंधरा वर्षांपूर्वीची नावं, त्यांतले काही दिवंगत. मग बँक सह्या बदलून देत नाही, विकासक कागद मागतो तेव्हा ते नसतात, आणि कार्यकारिणीत भांडण झालं तर ‘खरे विश्वस्त कोण’ हाच खटला होतो. नोंद वेळेवर करणं हे कंटाळवाणं काम आहे, पण संस्थेला वाचवणारं दुसरं कुठलंही काम इतकं स्वस्त नाही.

वारंवार हिशेब न देणं, आदेश न पाळणं, कर्तव्यात सतत हयगय, विश्वासघात किंवा मालमत्तेचा गैरवापर, या कारणांवरून धर्मादाय आयुक्त कलम ४१डी खाली विश्वस्ताला निलंबित करू शकतात, काढूनही टाकू शकतात. सरकारी हस्तक्षेपाला मर्यादाही आहे. १९५४ मध्ये रतिलाल गांधी खटल्यात सर्वोच्च न्यायालयानं या कायद्यातल्या काही तरतुदी रद्द केल्या. धार्मिक संस्थेच्या कारभारावर नियंत्रण ठेवता येईल, पण तो कारभारच हातातून काढून घेता येणार नाही, असा तो निकाल होता.

बाकीच्या जबाबदाऱ्या थोडक्यात. आयकर सवलत टिकवायची तर उत्पन्नाचा साधारण ८५ टक्के भाग उद्देशासाठी वापरावा लागतो. परदेशी देणगी घेत असाल तर ती आधी दिल्लीतल्या स्टेट बँकेच्या मुख्य शाखेतल्या खात्यातच यायला हवी, आणि तिच्यातला २० टक्क्यांपेक्षा जास्त पैसा प्रशासनावर खर्चता येत नाही. दहा किंवा अधिक कर्मचारी असतील तर लैंगिक छळाच्या तक्रारींसाठी अंतर्गत समिती लागते, आणि ग्रॅच्युइटीची तरतूदही. मुलांमध्ये काम करणाऱ्या संस्थेत अत्याचाराची माहिती मिळाली, तर पोक्सो कायद्यानुसार ती पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे. संस्थेची बदनामी होईल म्हणून ती दाबणं हा गुन्हा आहे.

चौकट: होकार देण्याआधी मागून घ्या

घटना आणि नियमावली. ताजा पीटीआर उतारा. गेल्या तीन वर्षांचे ताळेबंद, लेखापरीक्षकाच्या शेऱ्यांसह. शेवटच्या चार-पाच बैठकांची इतिवृत्तं. मालमत्तेची यादी, आणि संस्थेवर किंवा संस्थेनं घातलेल्या खटल्यांची यादी. शेवटच्या निवडणुकीचा बदल अर्ज दाखल झाल्याची पोच.

मग नाव द्यावं की नाही

इतकं वाचून कुणी ‘नको रे बाबा’ म्हणालं तर ते वाईट होईल. सांताक्रूझला लागूनच पार्ल्यात लोकमान्य सेवा संघ १९२३ पासून आणि पार्ले टिळक विद्यालय १९२१ पासून उभं आहे. अशा संस्था कुणा एका धनिकावर शंभर वर्षं चालत नाहीत. बँकेतले, रेल्वेतले, शाळेतले लोक संध्याकाळी येऊन हिशेब तपासतात, म्हणून त्या चालतात. उपनगरातल्या लहान संस्थांना आज देणगीपेक्षा अशा माणसांची चणचण जास्त आहे, आणि पन्नाशी-साठीतल्या वाचकांत ती माणसं आहेत.

म्हणून पुढचा फोन आला की चौकटीतले कागद मागा. महिनाभरात ते मिळाले नाहीत तर नम्रपणे नकार कळवा. मिळाले, तर ते वाचा, प्रश्न लिहून काढा आणि पहिल्या बैठकीला ते प्रश्न घेऊन जा.